शेवटपर्यंत ऐक, नूना

कालव उघडायच्या आधी त्याच्या पाठीवर सुरीच्या मुठीने दोनदा टकटक करायची, ही प्यो ओकबुनची जुनी खोड. थोंगयंगच्या बंदरावरच्या त्या शेडमध्ये चाळीस बायका लांबलचक टेबलांना खेटून उभ्या असतात. बाकीच्या सुरी घालतात, पिळतात, आतलं काढून बादलीत टाकतात नि पुढचं उचलतात. टकटक करणारी ही एकटीच. शेजारी उभी राहणारी मालसुन तिला ओन्नी, म्हणजे थोरली बहीण म्हणते, आणि गेली पस्तीस वर्षं तिची चेष्टा करतेय.

"ओन्नी, ते काय आतून 'कोण आहे' म्हणून विचारणार आहे? घाल की सुरी!"

"कुणाच्या घरात शिरायचं तर दार वाजवावं. तुझ्या आईने शिकवलेलं दिसत नाही."

"माझ्या आईने मला कालव खायला शिकवलं, त्याच्याशी बोलायला नाही."

ओकबुन शहात्तर वर्षांची. कंबर कधीच वाकली, जीभ मात्र अजून ताठ. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, टेकडीवरचं आईचं घर आणि निळं पत्र्याचं फाटक एवढा तिचा संसार. गावात तिला सगळे ओळखतात, पण भावाची बहीण म्हणून, आणि नेमकं तेच तिला खपत नाही. कुणी नवखा "तुम्ही गीतकार प्यो इन्सोकच्या..." एवढं म्हणाला की ही म्हणते, "त्याच्या रेकॉर्डीत शोध मला. सापडले तर सांग."

त्या खोडीचं मूळ मालसुनला ठाऊक नव्हतं. ठाऊक असणारा एकच होता, तो नऊ वर्षांपूर्वी गेला.

आमच्याकडे जुन्या घरांत संडास अंगणाच्या टोकाला. दाराला कडी नाही, असली तर मोडकी. बाहेरच्याने दोनदा टकटक करायचं आणि आत कुणी असेल तर त्याने खोकायचं. बोलायचं नाही, नुसतं खोकायचं. खोकला ऐकला की बाहेरचा निमूट मागे फिरतो. ओकबुन बारा वर्षांची असेल, इन्सोक सात. दोघं खडकावरची कालवं खरवडून आणायची. एकदा सुरी बसेना म्हणून तिने वैतागून शिंपल्यावर दोन टोले हाणले, तर हा म्हणाला, "नूना, आता आतला खोकेल बघ!" आणि कालवाच्या वतीने स्वतःच बारीक आवाजात खोकला. पोट धरधरून हसली दोघं. त्या दिवसापासून तिने टकटक करायची, याने खोकायचं. भावाने थोरल्या बहिणीला नूना म्हणायचं असतं. पण हा असा म्हणायचा की शेजारच्या बायकाही तिला नूनाच म्हणू लागल्या.

बाप इन्सोक तीन वर्षांचा असताना बोटीबरोबर गेला. आई धक्क्यावर फेरीच्या उतारूंना भाताच्या गुंडाळ्या आणि झणझणीत माकूल विकायची. ओकबुन आधी सुकटीच्या अंगणात, मग कालवांच्या शेडमध्ये. एकदा सुरी निसटून डावा अंगठा हाडापर्यंत चिरला. शाळेतून आलेल्या इन्सोकने रक्त पाहिलं आणि अंगातला पांढरा सदरा तिथल्या तिथे फाडून तिला चिंधी बांधली. शाळेचा एकुलता एक सदरा! आईने दोघांनाही बडवलं. गोजे बेटावरचं एक चांगलं स्थळ आलं होतं, तर ओकबुन म्हणाली, इन्सोकची शाळा संपू दे. शाळा संपली तोवर त्या मुलाला दोन पोरं झाली होती.

एकोणिसाव्या वर्षी इन्सोक गिटार घेऊन सोलला गेला, आणि बघता बघता नाव काढलं. शब्द त्याचे, चालही त्याचीच. गळा त्याचा नव्हे. गायचे ते मोठेमोठे गायक. बसमध्ये, बाजारात, लग्नाच्या मांडवात त्याची गाणी वाजायची. शेडच्या रेडिओवर लागलं की ओकबुन सुरी न थांबवता म्हणायची, "हे दुसरं कडवं सुकटीच्या अंगणातलं आहे. मेला चोर." आणि दिवसभर तिच्या तोंडावर उजेड असायचा.

मग आई गेली.

तार त्याला त्याच दिवशी मिळाली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर गावात काहींनी त्याची बाजू सावरायला तार उशिरा पोचल्याची पुडी सोडली. तार वेळेवर मिळाली. पण त्या दिवशी एका बड्या गायकाचं ध्वनिमुद्रण होतं, वाजवणारे जमले होते, इन्सोकला वाटलं संध्याकाळी निघू. संध्याकाळची सकाळ झाली, सकाळची दुसरी संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी आईला टेकडीमागे पुरून लोक खाली उतरत होते, तेव्हा हा वर चढत होता.

ओकबुन फाटकात उभी राहिली. म्हणाली, "आईला बघायचं तर डोंगरावर जा. माती ओली आहे अजून. या दारातून आत पाऊल टाकायचं नाही." आणि त्याच्या तोंडावर फाटक लावून घेतलं.

तो बाहेर उभाच राहिला. ती आतून फाटकाला पाठ लावून बसली. मधे एक पत्रा. अंधार पडायच्या सुमाराला, शेवटची बस धरायची वेळ झाली तेव्हा, त्याने फाटकावर दोनदा टकटक केलं.

तिला एक खोकला पुरला असता. थंडीने खरोखरचाच खोकला घशाशी आला होता. तिने तो बाहीत दाबला. पावलं उतरत गेली, आणि ही तशीच बसून राहिली.

तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. मग शेडच्या पत्त्यावर चौकोनी पाकीट आलं. आत रेकॉर्ड, तीही इन्सोकच्या स्वतःच्या आवाजात. नाव 'बंदराचा पत्ता'. आवरणावर त्याचा फोटो, अवघडून हसणारा. सोबत चिठ्ठी, चारच शब्द: "शेवटपर्यंत ऐक, नूना. इन्सोक."

ओकबुनने दुपारची सुट्टी मागून घेतली, जी तिने आजारपणातही कधी मागितली नव्हती. तोंड धुतलं, कालवांचा वास जाईना म्हणून पुन्हा धुतलं. घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं, म्हणून धक्क्यासमोरच्या पहिल्या मजल्यावरच्या चहाघरात गेली. तिथे काचेच्या खोलीत लांब केसांचा एक रेकॉर्डवाला बसायचा, गिऱ्हाइकांनी चिठ्ठीवर गाण्याचं नाव लिहून द्यायचं. हिने अख्खी रेकॉर्डच सरकवली. "सगळी लाव. माझ्या भावाची आहे."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण आजच्या पोरांना ती खरी वाटत नाही. त्या काळी सरकारचा हुकूम होता की प्रत्येक रेकॉर्डच्या शेवटी एक निकोप गाणं असलंच पाहिजे. देशावर प्रेम करा, लवकर उठा, हसत कामाला लागा, असलं काहीतरी. प्रेमभंगाची नऊ गाणी ऐकून माणूस टेबलावर डोकं टेकतोय, तोच तुतारी वाजवत पन्नास जणांचा ताफा येणार आणि म्हणणार, सूर्य उगवला! कुणी ऐकायचं नाही. अख्ख्या देशाचे कान तयार झाले होते. नववं संपलं की बोट आपोआप उठायचं आणि पिन उचलायचं. आमच्यासाठी रेकॉर्ड तिथेच संपायची. शेवट म्हणजे तो.

तर ओकबुन ऐकायला बसली. पहिलं गाणं आईच्या भाताच्या गुंडाळ्यांवर. ती रडली. दुसरं बापाच्या बोटीवर. तिसरं फेरीच्या भोंग्यावर. चौथ्यात टेकडीच्या पायऱ्या, पाचव्यात शेडच्या मालकाचं टक्कल. त्यावर ती हसलीसुद्धा. पण आवाज! इन्सोकचा आवाज म्हणजे जुन्या होडीच्या वल्ह्यासारखा करकरणारा. मागच्या टेबलावरची पोरं खिदळायला लागली. "कोण गातंय हे? याला पाणी द्या कुणीतरी!" ओकबुन मान खाली घालून ऐकत राहिली. माझं आता येईल, म्हणत राहिली. सहावं. सातवं. आठवं गाणं शेजारच्या काण्या कुत्र्यावर होतं. नवव्यात बंदर सोडून जाणारी शेवटची बस होती, तिच्या काचेतून दिसणारं सगळं गाव होतं. ती नव्हती.

नववं संपलं. तुतारी सुरू झाली. "सूर्य वर आला..." काचेमागच्या रेकॉर्डवाल्याने सवयीने पिनेकडे हात नेला आणि, रेकॉर्ड तिची म्हणून, भुवया उंचावून तिला विचारलं. ओकबुनने हातानेच सांगितलं, बंद कर ते.

कुत्र्यावर गाणं होतं. तिच्यावर नव्हतं. जिने लग्न मोडलं, जिने आईला एकटीने पोचवलं, तिच्यासाठी त्या माणसाकडे एक ओळसुद्धा नव्हती. त्या दिवशी तिचं जे काळीज फाटलं ते फाटलंच. धक्क्यावरून घरी जाताना ती मोठ्याने रडत होती, आणि ओळखीची माणसं रस्ता बदलत होती.

पंधरवड्याने शेडच्या फोनवर इन्सोक आला. मालकाने हाक मारली, चाळीस सुऱ्या थांबल्या.

"नूना. ऐकलीस?"

"ऐकली."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. चहाघरातली पोरं फिदीफिदी हसत होती, तरी बसून ऐकली."

"मग?"

"मग काय? त्यात माझं काय आहे?"

 मग तो म्हणाला, "बरं, नूना." बस, एवढंच.

रेकॉर्ड सणसणीत आपटली. पेपरवाल्यांनी धुतली. एकाने लिहिलं, यांनी लेखणी धरावी आणि गळा ज्याचा त्याला परत करावा. दुसऱ्याने लिहिलं, बंदराचा पत्ता मिळाला, सूर मात्र वाटेत हरवला. मेले शहाणे! दुकानांनी गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले. इन्सोक त्यानंतर पुन्हा कधी गायला नाही. गाणी लिहिणंही कमी केलं. पोटाच्या औषधाच्या, नूडल्सच्या जाहिराती लिहायचा. दर शरदातल्या सणाला न चुकता पेअरची पेटी पाठवायचा, आणि ओकबुन ती मालसुनच्या घरी पोचती करायची. "तू खा. मला त्याच्या फळांनी आंबट ढेकर येतात." रेकॉर्ड तिने किमचीच्या बरणीखाली ठेवली, बरणी डुगडुगत होती म्हणून. त्याच्या हसऱ्या फोटोवर बरणीचं लाल कडं उमटलं. तो लिव्हरने गेला तेव्हा ती सोलला गेली, फोटोसमोर दोनदा वाकली, मयताला आलेल्यांना वाढतात तो तिखट रस्सा-भात खाल्ला आणि त्याच बसने परत आली. डोळ्यांतून टिपूस नाही.

आणि मग यंदाच्या हिवाळ्यात, ऐन हंगामात, रेडिओवरची एक बाई शेडमध्ये आली. ह्वांगबो सोयन तिचं नाव, चाळिशीची, पायांत शहरी बूट, आणि पहिल्याच पावलाला कालवांच्या पाण्यात घसरली.

"हालमोनी, प्यो ओकबुन कुठे भेटतील?"

"घ्या!" मालसुन म्हणाली. "ओन्नी, नवरा नाही, मूल नाही, थेट आजीबाई झालीस!"

"हाक मारणारी परगावची दिसते म्हणून सोडलं," ओकबुन म्हणाली. "काय काम आहे?"

सोयन तोंडघशी पडलेल्या रेकॉर्डींवर कार्यक्रम करत होती. लोकांनी नाकं मुरडून फेकून दिलेल्या पुन्हा ऐकायच्या, आपलं चुकलं का ते बघायचं. ती म्हणाली, 'बंदराचा पत्ता' आता सोलमधली तरुण गाणारी पोरं जंग जंग पछाडून शोधतात. तो करकरणारा आवाजच त्यांना आवडतो. म्हणतात, इतका खरा माणूस त्या काळात दुसरा कुणी गायला नाही.

"आता आवडला होय," ओकबुन म्हणाली. टकटक. सुरी घातली, पिळली. "तेव्हा हसले, तो मेल्यावर आवडला. सोयीचं आहे. जा बाई, त्या रेकॉर्डीत माझं काही नाही."

सोयन गोंधळली. हातातल्या वहीत बघून म्हणाली, "पण मला तेच विचारायचं होतं. ध्वनिमुद्रण करणारे म्हातारे अजून आहेत, त्यांनी सांगितलं. रेकॉर्ड निघाल्यावर प्यो साहेब एक दिवस स्टुडिओत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, 'नूनाने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, त्यात माझं काय आहे. तिला नकोच आहे ते.' त्यानंतर त्यांनी माइकला हात लावला नाही. हालमोनी, एवढं गाणं तुमच्यावर... तुम्हाला दहावं गाणं का आवडलं नाही?"

"कुठलं दहावं?"

"शेवटचं."

"शेवटचं बसचं. नववं."

"नाही, त्याच्यानंतरचं."

"त्याच्यानंतर तुतारी आहे," मालसुन मधेच म्हणाली. "निकोप गाणं. ते कोण ऐकतं?"

सोयनने वही मिटली.  मग खालच्या आवाजात म्हणाली, मीही नव्हतं ऐकलं. चार महिने या रेकॉर्डीवर काम केलं आणि दर वेळी नवव्यानंतर पिन उचलली. एकदा फोन आला म्हणून बाहेर गेले, पिन तशीच राहिली. परत आले तर खोलीत तुतारी नव्हती. कुणीतरी एकटंच गात होतं. पहिलं कडवं प्यो साहेबांनी गाणी तपासणाऱ्या सरकारी माणसांसाठी लिहिलं, हालमोनी. शेडमधल्या बाईच्या चिरलेल्या हातांचं गाणं उघड लावलं असतं तर कामगारांची कैफियत म्हणून कापलं असतं. निकोप गाण्यात कोण बघतं? तपासणाऱ्यांनीही तिथे पिन उचलली असणार.

ओकबुनने सुरी खाली ठेवली. रबरी मोजे काढले. सोयनने तिच्या कानांना हेडफोन लावले, फोनवर बोट टेकवलं.

आधी तुतारी. पन्नास गळे. सूर्य वर आला, चला कामाला, हसत हसत हात चालवा. मग ताफा एकाएकी थांबला, आणि तो करकरणारा आवाज गिटारवर एकटाच बोलायला लागला.

*हात म्हणता, कोणते हात?*
*मला ठाऊक आहेत दोनच हात.*
*डाव्या अंगठ्याला माझ्या सदऱ्याची चिंधी,*
*उजव्यात सुरी.*
*आईच्या ओठांना शेवटचं पाणी*
*त्या हातांनी लावलं.*
*माझे तेव्हा तारांवर होते, नूना,*
*आणि गाणंही दुसऱ्याचं होतं.*
*दार उघडू नकोस.*
*मी बाहेरूनच गातो.*
*आतून एकदा खोकलीस,*
*तरी कळेल, आहेस.*

मग गिटारही थांबली. आणि टक, टक. थोडी शांतता. पुन्हा टक, टक.

"हा आवाज कशाचा ते आम्हाला कळत नव्हतं," सोयन सांगत होती. "त्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, प्यो साहेबांनी गोणीभर शिंपले आणले होते, आठवडाभर स्टुडिओ घाण मारत होता. सुरीच्या मुठीने ठोकायचे. दोनच टोले हवेत म्हणायचे, आणि मधे जागा सोडायची. जागा कशासाठी, ते सांगायचे नाहीत."

ओकबुनला तिचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. तिचा डावा अंगठा उजव्या मुठीत होता. ती एवढंच म्हणाली, "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मालसुनने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा काही चेष्टा करू शकली नाही.

"तो 'बरं' म्हणाला होता," ओकबुन म्हणाली. कान तसेच झाकलेले, म्हणून आवाज मोठा, अख्ख्या शेडला ऐकू जाईल असा. "मी म्हणाले, शेवटपर्यंत ऐकली. म्हणाले, त्यात माझं काय आहे. आणि हा म्हणाला, बरं नूना. अरे गाढवा! एक शब्द पुढे बोलला असतास! 'दहावं ऐकलंस का' एवढं विचारायला काय तोंड दुखत होतं!" मग रडायला लागली. ओठ उघडे, नाक वाहतंय, लहान पोरीसारखी. "पंचवीस वर्षं पेअर पाठवले मेल्याने. एक खाल्ला नाही मी. एकसुद्धा नाही."

बायकांनी तिला खोक्यावर बसवलं, गरम बार्लीचं पाणी दिलं. बऱ्याच वेळाने सोयनने भीत भीत विचारलं, कार्यक्रमासाठी दोन शब्द बोलाल का. मालसुन तिच्या अंगावर धावून गेली, "बाई, जरा तरी लाज!" पण ओकबुनने हात वर केला. नाक पुसलं. माइक तोंडाच्या फार जवळ धरला.

"मी प्यो इन्सोकची बहीण. मी त्याला सांगितलं होतं की शेवटपर्यंत ऐकली. नव्हती ऐकली. रेकॉर्डीत खोट नव्हती, माझ्यात होती. एवढंच लावा."

कार्यक्रम पुढच्या गुरुवारी लागला, सकाळी दहाला. मालकाने रेडिओ मोठा केला. एरवी त्या वेळी सुऱ्यांचा खणखणाट आणि कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी चालू असतात. त्या दिवशी नुसत्या सुऱ्या चालू होत्या. सोयन बोलली, सोलचा कुणी तरुण गायक बोलला. ओकबुनचं ते बोलणं लागलं तेव्हा कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. नववं गाणं वाजलं, बस बंदर सोडून गेली.

तुतारी सुरू झाली. ओकबुन रेडिओच्या सगळ्यांत जवळ होती. तिचा ओला हात आपोआप उठला आणि बटणाकडे गेला. सवयच ती! मालसुनने तिचं मनगट झडप घालून पकडलं. ओकबुनने आपल्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं. मग तो हात पोटाशी धरून उभी राहिली.

ताफा थांबला. इन्सोक गाऊ लागला. एकेक सुरी थांबत गेली. अंगठ्याची चिंधी झाली, आईचं पाणी झालं, दार उघडू नकोस झालं. गिटार गप्प झाली आणि टक, टक.

शांतता.

ओकबुन खोकली. एकदाच, नीट, बाहेर ऐकू जाईल असं.

रेडिओवर पुन्हा टक, टक वाजलं आणि गाणं संपलं.

"पाणी देऊ का, ओन्नी?" मालसुनने विचारलं.

"नको," ओकबुन म्हणाली. "खोकला नाही तो."